पेटीवर सराईत हातांना पियानोचा कागद का वाचता येत नाही?

प्रश्न : वय एकेचाळीस. परळला राहतो, विमा कंपनीत नोकरी करतो. पेटी घरातच ऐकून ऐकून शिकलो, कुठलीही परीक्षा दिलेली नाही. कॉलेजात असल्यापासून आमच्या भजनी मंडळात साथ करतो. बुवांनी कुठलंही स्केल सांगितलं तरी अडत नाही, आणि नवी चाल एक-दोनदा ऐकली की हातात येते. मागच्या दिवाळीत ८८ पट्ट्यांचा डिजिटल पियानो घेतला आणि दादरच्या एका क्लासला जायला लागलो. तिथे मात्र पार दांडी गुल झाली आहे. नोटेशन वाचताच येत नाही. टीचर एकदा वाजवून दाखवतात ते मी लगेच वाजवतो, पण नव्या ओळीवर बोट ठेवून ‘इथून वाजवा’ म्हणाल्या की हात थिजतात. शेजारी आठ-नऊ वर्षांची मुलं भराभर वाचत असतात. टीचर म्हणतात, ‘पेटी पूर्ण विसरा, तिनं तुमचे हात बिघडवलेत. आधी थिअरी पक्की करा आणि येत्या सत्रात ग्रेड वनची परीक्षा द्या.’ एक मित्र म्हणतो, थिअरी गेली खड्ड्यात, यूट्यूबवर बघून गाणी बसव. त्यात क्लास शनिवारी संध्याकाळी आणि मंडळाचं भजनही शनिवारीच, त्यामुळे बुवा नाराज आहेत. इतकी वर्षं मी जे वाजवलं ते संगीत नव्हतंच, असं आता वाटायला लागलंय. क्लास सोडू, पेटी सोडू, की पियानो विकून टाकू?

उत्तर : पियानो विकू नका आणि पेटीही सोडू नका. क्लासचं काय करायचं ते शेवटी सांगते, कारण तुमच्या टीचर तुमचं म्हणणं किती ऐकून घेतात त्यावर ते ठरेल.

आधी त्या ‘संगीत नव्हतंच’बद्दल. ते वाचून मला खरोखर वाईट वाटलं. तुमच्या शनिवारच्या भजनात काय होत असेल ते बघा. बुवांचा घसा बसलेला असतो, ते म्हणतात, ‘आज काळी एक नको, पांढरी एक घे.’ तुम्ही अर्धा सूर खाली येता आणि अख्खा अभंग नव्या जागेवरून वाजवता. मधे एखादा टाळकरी चढा लागला तर त्यालाही सांभाळून घेता. याला पियानोवाले ट्रान्सपोझिशन म्हणतात. कागदावरून शिकलेल्या कितीतरी चांगल्या विद्यार्थ्यांना ते वर्षानुवर्षं जमत नाही, कारण त्यांच्या बोटांना ठरावीक पट्ट्या पाठ झालेल्या असतात. तुमच्या बोटांना अंतरं पाठ आहेत. सापासून ग किती लांब, गपासून प किती, हे तुम्ही न बघता सांगू शकता. पाश्चात्त्य थिअरीच्या पुस्तकाची बरीच पानं या अंतरांवरच खर्च होतात, त्यांना इंटरव्हल म्हणतात. तुमच्याकडे नावं नाहीत, वस्तू आहे. नावं शिकायला थोडे महिने पुरतात.

आज रात्री एक करून बघा. पियानोच्या फक्त पांढऱ्या पट्ट्या वापरायच्या, काळ्यांना हात लावायचा नाही. पांढरी एक, म्हणजे सी, हा सा धरून वरच्या सापर्यंत जा. हा बिलावल, आणि यालाच टीचर सी मेजर म्हणतात. आता पांढरी दोन, म्हणजे डी, हा सा धरा आणि तेच सात सूर वाजवा. काफी मिळेल. ईवरून भैरवी, एफवरून कल्याण, जीवरून खमाज, एवरून आसावरी. पंडित भातखंडेंच्या दहा थाटांपैकी, म्हणजे राग ज्यांत बसवतात त्या सात सुरांच्या मांडण्यांपैकी, सहा तुम्हाला एकही काळी पट्टी न दाबता सापडले. बीवरून मात्र पंचमच सापडणार नाही. जिथे प यायला हवा तिथे अर्धा सूर खालचा सूर येतो, म्हणून त्या जागेवर थाट उभा राहत नाही. तिकडच्या थिअरीत या मांडण्यांना मोड म्हणतात आणि बरेच विद्यार्थी तिथवर पोचायला चार-पाच वर्षं घेतात. पंडित भातखंडे १८६० साली वाळकेश्वरला जन्मले, म्हणजे हा हिशोब मांडणारा माणूस मुंबईचाच होता. तुमच्या कानात तो आधीपासून आहे, हे टीचरना ठाऊक नसावं. तुम्ही त्यांना तो वाजवून दाखवलात तर तुमच्याशी बोलण्याची त्यांची रीत बदलेल, असं मला वाटतं.

‘आधी थिअरी पक्की करा’ हे मला पटत नाही आणि ‘थिअरी गेली खड्ड्यात’ हेही पटत नाही, कारण दोन्हींमागे समजूत एकच आहे. थिअरी म्हणजे वहीतला विषय आणि वादन म्हणजे बोटांचा विषय, त्यातला एक संपवून मग दुसरा घ्यायचा, अशी. तुम्ही पेटी अशी शिकला नाहीत. भूप रागात म आणि नी वर्ज्य असतात हे तुम्हाला कुणी फळ्यावर लिहून दिलं नसेल. भूपातला अभंग वाजवताना बोट चुकून मवर पडलं, बुवांनी मान वळवून बघितलं, आणि नियम कळला. पियानोवरही तसंच व्हायला हवं. आज ज्या चार ओळी वाजवताय त्यांतच स्केल कुठलं, ठहराव कुठे, डावा हात काय करतोय, हे बघायचं. वही त्या ओळींच्या मागून चालते. नुसती थिअरी आधी संपवायला बसलात तर सहा महिन्यांनी तुम्हाला पाचव्या शार्पचं, म्हणजे चढ्या सुराचं, नाव सांगता येईल आणि तो वाजवताना अंगठा कुठे ठेवायचा ते कळणार नाही.

टीचरचं एक म्हणणं मात्र नीट ऐका. पेटीनं हात बिघडलेले नाहीत, पण पेटीनं काही गोष्टी तुमच्या हाताला शिकवलेल्याही नाहीत. पेटीची पट्टी दाबली की आतलं भोक उघडतं आणि हवा रीडवरून, म्हणजे धातूच्या पातळ पात्यावरून, जाते. हळू दाबा की जोरात, आवाजात फरक पडत नाही. लहान-मोठा आवाज भात्यातून येतो, तो डाव्या हाताकडे. पट्टी धरून ठेवली तर सूर हवा असेपर्यंत टिकतो. पियानोत पट्टी एक हातोडी फेकते. हातोडी तारेवर आदळायच्या किंचित आधी यंत्रणेपासून सुटते, म्हणजे शेवटच्या क्षणी ती तुमच्या ताब्यात नसतेच. पट्टी किती वेगानं खाली गेली एवढ्यावरच आवाज ठरतो. नंतर ती कितीही दाबून धरलीत तरी सूर विरतच जातो. फ्लॉरेन्सच्या बार्तोलोमेओ क्रिस्तोफोरीनं १७०० च्या सुमारास ही युक्ती बसवली आणि आजच्या पियानोतही तत्त्व तेच आहे. तुमच्या डिजिटल पियानोत हातोडीच्या जागी सेन्सर आहेत, तेही पट्टीचा वेगच मोजतात.

याचा तुमच्यासाठी अर्थ काय? पेटीवर तुमची बोटं सूर उघडतात आणि बंद करतात. पियानोवर प्रत्येक बोटाला स्वतःचा भाता सांभाळावा लागतो. एकच सूर घ्या, पंचम घ्या हवं तर, आणि तो एकाच बोटानं अगदी हळूपासून मोठ्यापर्यंत आठ पायऱ्यांत वाजवा. मग परत खाली या. पहिल्या दिवशी तुम्हाला दोनच पायऱ्या सापडतील, हळू आणि जोरात. मधल्या सापडायला लागल्या की पेटीवाल्याचा हात पियानोवाल्याचा व्हायला लागला म्हणून समजा. रोज दोन मिनिटं पुरतात. करंगळी आणि अनामिकेवर जास्त वेळ द्या, कारण पेटीवर बहुतेकांची करंगळी उपाशीच असते.

बोटांची मांडणी ही दुसरी गोष्ट. पियानोत बोटांना आकडे असतात, अंगठा एक आणि करंगळी पाच. सी मेजर उजव्या हातानं वाजवताना एक-दोन-तीन, मग अंगठा तळव्याखालून सरकवून पुन्हा एक-दोन-तीन-चार-पाच. सगळे इथूनच सुरुवात करून देतात, कारण वाचायला सी मेजर सोपं आहे. हाताला मात्र ते सोपं नाही. सगळ्या पट्ट्या एका पातळीत, लांब बोटांना मुडपून बसावं लागतं. पियानोचे थोर संगीतकार शोपँ आपल्या विद्यार्थ्यांना बी मेजरपासून सुरुवात करायला लावत, कारण त्यात पाचही काळ्या पट्ट्या येतात, लांब बोटं आपसूक त्यांवर विसावतात आणि आखूड अंगठा पांढऱ्यांवर राहतो. तुम्ही काळी एक, काळी दोन करत वाढलेले आहात, काळ्या पट्ट्यांची तुम्हाला भीती नाही. पांढरी सातचा सा धरा आणि बिलावल वाजवा, तेच बी मेजर. उजव्या हाताला वर जाताना एक-दोन-तीन, एक-दोन-तीन-चार-पाच. डाव्याला चार-तीन-दोन-एक, चार-तीन-दोन-एक. अंगठा खालून जाताना कोपर बाहेर उडत नाही ना, एवढंच बघा. माझ्याकडे पेटीवरून आलेल्या जवळजवळ प्रत्येकाला मी हे आधी देते आणि सी मेजर नंतर.

बसण्याबद्दल थोडक्यात. मांडी घालून, एका खांद्यावर कलून वाजवायची तुम्हाला सवय आहे. इथे खुर्चीची उंची अशी हवी की कोपर पट्ट्यांच्या पातळीला यावं. पियानोच्या पट्ट्या जमिनीपासून साधारण ७३ सेंटिमीटरवर असतात. डिजिटल पियानो जेवणाच्या टेबलावर ठेवला असेल तर तो त्याच्याही वर जातो, खांदे कानाला लागतात आणि मनगटं दुखतात. स्टँड घ्या. मनगट दुखलं, बोटांना मुंग्या आल्या तर त्या दिवशी थांबा आणि पुन्हा पुन्हा होत असेल तर डॉक्टरांना दाखवा. दुखणं सोसत सराव करण्यात काही पुरुषार्थ नाही. आणखी एक, हेडफोन लावले तरी पट्ट्यांची धपधप खालच्या घरात ऐकू जाते. स्टँडखाली जाड रबरी मॅट टाका, चाळीत किंवा जुन्या इमारतीत राहत असाल तर नक्कीच.

आता तुमचं खरं दुखणं, वाचन.

पत्रातलं एक वाक्य मी दोनदा वाचलं. ‘टीचर एकदा वाजवून दाखवतात ते मी लगेच वाजवतो.’ अडचण इथेच आहे. तुमचा कान इतका तयार आहे की एकदा ऐकल्यावर डोळ्यांना काही कामच उरत नाही. समोर कागद असतो, तुम्ही त्याकडे बघतही असता, पण वाजवता आठवणीतून. मग नवी ओळ आली, कानाला आधीचं काही नाही, आणि डोळ्यांना सवय नाही. शेजारच्या मुलाच्या कानात एवढं साठलेलं नसतं, त्यामुळे त्याला पहिल्या दिवसापासून कागदाचाच आधार घ्यावा लागतो. तो तुमच्यापेक्षा हुशार आहे किंवा तुमचं वय झालंय, असा याचा अर्थ होत नाही. त्याच्या डोळ्यांना सराव झालाय, तुमच्या कानांना झालाय.

म्हणून टीचरना पहिली विनंती ही करा : ‘मला आधी वाजवून दाखवू नका.’ ‘मी वाजवून झाल्यावर दाखवा, चुका सांगा, पण आधी नको.’ या एका बदलानं जे होईल ते चार महिन्यांच्या थिअरीनं होणार नाही.

घरी रोज दहा मिनिटं वाचनाला द्या, आणि त्यासाठी तुम्ही आज वाजवू शकता त्याहून दोन पायऱ्या सोपं साहित्य घ्या. अगदी पोरकट वाटेल इतकं सोपं, फक्त पूर्वी कधीही न ऐकलेलं. वाजवण्याआधी मात्रा तोंडानं म्हणून घ्या. भजनी ठेका तुमच्या अंगात आहे, त्याच्या आठ मात्रा म्हणजे चार-चारच्या लयीतले दोन बार, म्हणजे चार मात्रांचे दोन खंड. नोटेशनच्या खुणांत क्रॉचेट म्हणजे एक मात्रा, मिनिम दोन, क्वेव्हर अर्धी. हातावर टाळी देत दोन ओळी नुसत्या लयीत म्हणा. लय आधी बसली की सूर वाचायला डोळे मोकळे राहतात. भजनातल्या माणसाला हा भाग फार लवकर येतो, असा माझा अनुभव आहे.

मग सूर. पाच रेघांवरच्या प्रत्येक खुणेचं नाव पाठ करत बसू नका. तीन खुंट्या पक्क्या करा. वरच्या पाच रेघांच्या सुरुवातीच्या खुणेचं, म्हणजे ट्रेबल क्लेफचं, वेटोळं खालून दुसऱ्या रेघेला वेढतं, तो जी, म्हणजे पांढरी पाच. खालच्या बास क्लेफचे दोन ठिपके खालून चौथ्या रेघेच्या वर-खाली असतात, तो एफ, पांढरी चार. दोन्हींच्या मध्ये एकट्या छोट्या रेघेवर बसलेला मधला सी. या तिघांपासून पुढचं अंतरानं वाचा. रेघेवरून लगतच्या जागेत म्हणजे शेजारचा सूर, सा-रे सारखा. रेघेवरून पुढच्या रेघेवर म्हणजे एक सोडून, सा-ग सारखा. तुम्ही अंतरं ओळखणारे आहात. खूण दिसली की तिचं नाव शोधण्याऐवजी आधीच्या खुणेपासून उडी किती, एवढंच बघा आणि ती उडी मनात ऐका. डोळा आणि कान तिथे एकत्र येतात. दोन-तीन आठवड्यांत हात थिजणं कमी झालेलं दिसेल.

मेट्रोनोम, म्हणजे लयीचे ठोके देणारं यंत्र, मिनिटाला ५० ठोक्यांवर ठेवा. चुकलात तरी थांबायचं नाही, मागे यायचं नाही. भजनात एखादा सूर निसटला म्हणून तुम्ही सगळ्या टाळकऱ्यांना थांबवत नाही ना, तोच शिरस्ता. घरातल्या कुणाला तरी हातात एक पोस्टकार्ड द्या आणि तुम्ही वाजवत असलेला बार झाकत पुढे सरकायला सांगा. डोळे झक मारत पुढे पळतात. आणि एक ओळ दोनदा वाजवू नका. दुसऱ्यांदा वाजवलीत की ती कानाच्या मालकीची झाली, डोळ्यांना तिचा उपयोग संपला. डाव्या हाताच्या ओळी स्वतंत्र वाचा, कारण कानाला त्यांचा अंदाज पटकन बांधता येत नाही. तुमचा डावा हात आजवर भाता मारत आलाय, सूर त्याच्या वाट्याला आलेलेच नाहीत. त्यामुळे निम्मा वेळ त्याला दिलात तरी जास्त होणार नाही.

याच्या उलटा सराव आठवड्यातून एकदा. तुम्हाला झोपेतही येणारा एखादा अभंग घ्या आणि त्याच्या दोन ओळी पाच रेघांवर लिहा. पेन्सिलीनं, खोडरबर घेऊन. पहिल्या वेळी अख्खा तास जाईल. स्केल ठरवावं लागेल, मात्रा वाटाव्या लागतील, कुठला सूर दीड मात्रेचा आहे ते मोजावं लागेल. ही थिअरीच आहे, आणि तुमच्या स्वतःच्या मालावर केलेली आहे. पुढच्या क्लासला ते पान टीचरपुढे ठेवा. त्या चुका दुरुस्त करतील तेव्हा तुम्हाला ज्या गोष्टी कळतील त्या वर्कबुकातल्या रिकाम्या जागा भरून कळणार नाहीत.

कान आणि कागद यांचं वैर आहे ही समजूत तर मुंबईत राहणाऱ्यानं बाळगूच नये. पन्नास-साठच्या दशकांत या शहरातल्या रेकॉर्डिंग स्टुडिओंमध्ये काय चालायचं ते आठवा. संगीतकार पेटीवर चाल वाजवून दाखवायचे, गाऊन दाखवायचे. त्यांतल्या अनेकांचं सगळं भांडवल कानात होतं. शेजारी गोव्याहून आलेले अरेंजर बसलेले असायचे, सेबॅस्टियन डिसूझा, अँथनी गोन्साल्विस यांच्यासारखे. गोव्यात चर्चच्या शाळांमध्ये लहानपणीच नोटेशन लिहा-वाचायला शिकलेली ही माणसं ती चाल ऐकून पाच रेघांवर उतरवायची, त्यात व्हायोलिनची ओळ, ट्रम्पेटची ओळ, पियानोची ओळ लिहायची आणि पानं वादकांपुढे जायची. एक कान आणि एक कागद, दोघांची गरज दोघांना होती. तुम्हाला ही दोन माणसं एकाच खुर्चीत बसवायची आहेत आणि त्यातला पहिला आधीच बसलेला आहे.

‘पेटी पूर्ण विसरा’ यावरही एक बोलते. पेटी आणि पियानो ही नात्यातली वाद्यं आहेत. हार्मोनियमचं पेटंट १८४२ मध्ये पॅरिसमध्ये अलेक्सांद्र दबँ यांनी घेतलं, जमिनीवर बसून वाजवायची आपली हातपेटी त्यातूनच पुढे आली. ऑल इंडिया रेडिओनं १९४० मध्ये पेटीवर बंदी घातली आणि ती १९७१ पर्यंत टिकली. सूर ठरलेले, मींड (एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं) निघत नाही, श्रुती (सुरांमधली बारीक अंतरं) सापडत नाहीत, हे आक्षेप होते. ते सगळेच्या सगळे पियानोलाही लागू होतात. त्यामुळे एकीनं दुसऱ्याचं नुकसान होईल अशी भीती बाळगू नका. पहिल्या काही महिन्यांत एक पथ्य तेवढं पाळा. पियानोवरून उठून लगेच पेटीला बसू नका. हातात वजन भरलेलं असतं, पेटीच्या पट्ट्या खडखडतात आणि साथ जड होते. मधे तासाभराचं अंतर असलं की प्रश्न मिटतो.

जिथे पाश्चात्त्य थिअरी तुम्हाला खरोखर नवी आहे ती जागा म्हणजे हार्मनी, एकाच वेळी अनेक सूर जुळवून वाजवणं, आणि तिथे मला तुमचा हेवाच वाटतो, कारण ती पहिल्यांदा कानावर पडण्याचं सुख तुमचं अजून बाकी आहे. आपल्याकडे तानपुऱ्यावर सा-प अखंड चालू असतात, जमीन हलत नाही, तिच्यावर राग फिरतो. तिकडे जमीनच हलते. उजव्या हातानं वरचा सी, म्हणजे तुमचा सा, दाबा आणि डाव्या हातानं खाली सी-ई-जी एकत्र वाजवा. सा घरी आहे. आता सा तोच ठेवा आणि खाली एफ-ए-सी वाजवा. तोच सा आता त्या कॉर्डचा, म्हणजे एकत्र वाजणाऱ्या त्या सुरांचा, पंचम झाला. मग ए-सी-ई. तोच सा आता कोमल गंधार झाला आणि एकदम उदास वाटायला लागला. सूर बदललाच नाही, त्याचं नातं बदललं. हे एकदा नीट ऐकलंत की टॉनिक, सबडॉमिनंट, डॉमिनंट (सा, म आणि प यांवर उभ्या कॉर्डची नावं) हे शब्द कोरडे राहणार नाहीत.

फक्त ही नवी गंमत लगेच भजनात नेऊ नका. भूपातला अभंग घ्या. सी सा धरला तर सगळ्यात सोप्या तीन कॉर्डपैकी एफ मेजरमध्ये म आहे आणि जी मेजरमध्ये नी आहे. दोन्ही भूपाला वर्ज्य. तुम्ही मागे यातला कुठलाही कॉर्ड धरलात की गाणं गोड लागेल कदाचित, पण भूप जाईल, आणि बुवा बरोबर ओळखतील. ए मायनरचे तिन्ही सूर, ध-सा-ग, भूपात बसतात. असं प्रत्येक रागासाठी तपासून बघणं हा थिअरीचा उत्तम अभ्यास आहे. घरी करा.

परीक्षा. मुंबईत बहुतेक क्लास एबीआरएसएम किंवा ट्रिनिटी कॉलेज लंडन या दोन मंडळांच्या ग्रेड परीक्षांना मुलं बसवतात, आठ ग्रेड असतात. कुठल्याही ग्रेडला थेट बसता येतं, आधीच्या दिलेल्या असाव्यात अशी अट नाही. एबीआरएसएममध्ये सहाव्या ग्रेडच्या वादनाला बसण्याआधी पाचव्या ग्रेडची थिअरी किंवा तिला पर्यायी परीक्षा व्हावी लागते, ट्रिनिटीत तशी अट नाही. ‘आधी थिअरी’चा जो दबाव क्लासांमध्ये दिसतो तो बराचसा त्या अटीमुळे आलेला असतो, आणि ती तुमच्यापासून अजून पाच ग्रेड लांब आहे. येत्या सत्रात ग्रेड वनला बसू नका. परीक्षा वाईट म्हणून नव्हे. तीन तुकडे महिनोन्‌महिने घोटायचे म्हणजे तुमचा कान ते आठवड्याभरात गिळणार, आणि डोळ्यांना पुन्हा सुट्टी मिळणार. वर्षभर भरपूर सोपं आणि वेगवेगळं वाचा. मग वाटलं तर सरळ दुसऱ्या किंवा तिसऱ्या ग्रेडला बसा.

मित्राच्या यूट्यूबबद्दलही हेच. रंगीत पट्ट्या वरून पडतात आणि आपण त्यांच्यामागून बोटं टाकतो, ते व्हिडिओ एखाद्याला चालतील. तुमच्यासाठी ते सगळ्यात वाईट, कारण जे तुम्हाला आधीच येतं तेच ते पुन्हा करून घेतात. एखादी तांत्रिक शंका असेल, मनगटाची हालचाल बघायची असेल, तर जरूर बघा.

राहिला शनिवार. मंडळ सोडू नका. आठवड्यातून एकदा माणसांबरोबर वाजवायला मिळणं ही पियानो शिकणाऱ्या फार थोड्यांच्या नशिबी असलेली गोष्ट आहे. बहुतेक जण वर्षानुवर्षं एकटे, भिंतीकडे तोंड करून वाजवतात. टीचरना भेटा, क्लास सुरू व्हायच्या आधी, मुलं येण्यापूर्वी. तीन गोष्टी मागा. शनिवारऐवजी मधल्या वाराची अर्ध्या तासाची एकट्याची वेळ, आधी वाजवून न दाखवणं, आणि परीक्षेला वर्षभर सुट्टी. बोलण्याआधी पांढऱ्या पट्ट्यांवरचे ते सहा थाट त्यांना वाजवून दाखवा. इतकं ऐकून चांगली शिक्षिका कुतूहलानं पुढे सरकेल. त्यांनी ऐकलं तर तोच क्लास ठेवा, हात बघायला समोर जाणतं माणूस हवंच. ऐकलं नाही तर फीचा महिना संपवून नम्रपणे निरोप घ्या आणि दुसरं कुणी शोधा. नव्या शिक्षकांना पहिल्या भेटीत दोनच प्रश्न विचारा : मोठ्या वयाचे विद्यार्थी तुमच्याकडे आहेत का, आणि पेटी वाजवणाऱ्याला तुम्ही सुरुवात कुठून करून द्याल? दुसऱ्या प्रश्नाला ते ‘आधी तुम्ही वाजवून दाखवा बघू’ म्हणाले, तर तिथे नाव घाला.